दूरदर्शनचा बेताल आणि आरवलीचा वेतोबा

रामसे बंधूंचा ‘झी हॉरर शो’ १९९३ चा, ‘आहट’ १९९५ ची. तोवर आमच्या पिढीचं घाबरून झालं होतं. आमचं भूत त्याआधीचं, १९८५ च्या ‘विक्रम और बेताल’मधलं. रामानंद सागर यांची मालिका. अरुण गोविल विक्रम, आणि पांढरे केस मोकळे सोडलेले सज्जन बेताल. आज यूट्यूबवर पाहिलं तर हसू येतं.

पण खरी भीती त्या केसांची नव्हतीच. ती होती पेचाची! उत्तर ठाऊक असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील, आणि बोललास तर मी उडून जाईन. बोललं तरी फसगत, न बोललं तरी फसगत. गृहपाठ न करता वर्गात बसलेल्या कुठल्याही मुलाला हे नीट कळायचं.

आम्हा वेंगुर्ल्याकडच्या मुलांची पंचाईत आणखी वेगळी. आरवलीला (हो, जयवंत दळवींचं गाव) वेतोबाचं देऊळ आहे. वेतोबा म्हणजे वेताळच, पण तिथे तो गावाचा राखणदार. त्याला केळ्यांचे घड वाहतात आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला. रात्री तो गावाभोवती फिरतो, म्हणून चपलांचे तळवे झिजतात, अशी श्रद्धा. टीव्हीवर बेताल हसला की मी आजीच्या लुगड्यात तोंड लपवायचो. ती म्हणायची, “अरे, भियतंस कित्याक? तो आपलोच देव!”

घरात टीव्ही एकच होता, त्यामुळे कोण किती घाबरलं ते सगळ्यांना दिसायचं. इथे न्यू जर्सीत माझा नऊ वर्षांचा मुलगा पांघरुणात टॅब्लेट घेऊन एकटाच काहीबाही बघतो. तीन रात्री तो दिवा चालू ठेवून झोपत होता, ते आम्हाला चौथ्या दिवशी कळलं. रागवायचं मनात होतं, पण त्याचा चेहरा बघून त्याला वेतोबाची गोष्ट सांगितली. चपलांपाशी आल्यावर तो उठून बसला.

“केवढ्या मोठ्या?”

मी हात फाकवून दाखवलं.

“आणि तो फक्त त्याच गावात फिरतो?”

याचं उत्तर मला माहीत नव्हतं. रविवारी आईला फोन लावून त्यालाच विचारायला सांगितलं. मराठीतून विचार, असंही बजावलं. अर्धा तास दोघं बोलत होती.

दिवा अजून चालूच असतो. दार मात्र आता तो उघडं ठेवतो.