बारमाही ओढा

डिंभ्याच्या पश्चिमेला, भीमाशंकरच्या अंगाला, पावसाळ्यात डोंगराचा एकही पदर कोरडा नसतो. जिकडे पाहावे तिकडे ओढे धावतात. होळी उलटली की त्याच ओढ्यांत नुसते गोटे उरतात. पावसापुरता वाहणारा ओढा आणि बारमाही ओढा यांतला फरक इथल्या माणसाला शिकवावा लागत नाही.

सुमारे पावणेतीन हजार वर्षांपूर्वी जेरुसलेमच्या दक्षिणेला तकोवा गावी राहणाऱ्या आमोस नावाच्या धनगरालाही तो शिकवावा लागला नव्हता. त्याचा मुलूख असाच. पावसात वाहणाऱ्या आणि उन्हाळ्यात दगा देणाऱ्या घळींचा. म्हणून बनी इस्राईलच्या श्रीमंतांसमोर तो उभा राहिला तेव्हा त्याने न्याय कसा हवा हे पाण्यावरूनच सांगितले: कधीही न आटणाऱ्या ओढ्यासारखा. तुमचे सण, तुमच्या कुर्बान्या, तुमची वाद्ये आणि गाणी देवाला नकोशी झाली आहेत, हे त्याने आधी सांगितले. पाण्याची गोष्ट त्यानंतरची.

आमोस किंवा यशया यांची नावे कुरआनात नाहीत. यहुदी लोकांकडे आज असलेल्या ग्रंथात शब्दन् शब्द मूळचा राहिलेला नाही, ही आपली श्रद्धाही ठाऊक आहे. तरी त्या ग्रंथांतला हा भाग वाचताना मुसलमान वाचकाला परके वाटत नाही. उलट दचकायला होते.

आमोसचा काळ भरभराटीचा होता. हस्तिदंत जडवलेले पलंग होते, उपासनास्थळी गर्दी होती. त्याची तक्रार लोक देवाकडे येत नाहीत अशी नव्हतीच. ते येत होते, आणि येताना गरिबाकडून गहाण घेतलेले पांघरूण वेदीजवळ अंथरून त्यावर ऐसपैस बसत होते. हजरत मूसा (अलै.) यांच्या शरीयतमध्ये याबाबत स्पष्ट हुकूम होता. गरिबाचे पांघरूण गहाण घेतले, तर सूर्य मावळण्याआधी ते परत करा. रात्री अंगावर घ्यायला त्याच्याकडे दुसरे काही नसते. म्हणजे ज्या ग्रंथाने कुर्बानीचे नियम घालून दिले, त्याच ग्रंथाने त्या गोधडीचाही नियम घालून दिला होता. लोकांनी पहिला पाळला, दुसऱ्यावर बसले.

व्यापाऱ्यांचे त्याने केलेले वर्णन तर आपल्या कोणत्याही आठवडे बाजारात चपखल बसावे. शनिवारचा विश्राम आणि नव्या चंद्राचा दिवस ते बिनचूक पाळतात, दुकान बंद ठेवतात. पण मनात एकच घोर, हा दिवस कधी सरतो आणि धान्याची विक्री कधी सुरू होते. मग माप लहान, वजन जड, तराजू खोटा आणि गव्हाबरोबर भुसाही खपवायचा. हजरत शुऐब (अलै.) यांनी मदयनवाल्यांना मापात मारू नका म्हणून बजावले होते, ते इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

याच सुमारास जेरुसलेममध्ये यशयाची वाणी सुरू झाली. त्याच्या नावाच्या ग्रंथाचा ५८वा अध्याय उपवासाविषयी आहे. लोक विचारतात, आम्ही उपाशी राहतो, देव का पाहत नाही? उत्तर रोखठोक मिळते: उपवासाच्याच दिवशी तुम्ही मजुरांना पिळता, भांडता, मुक्की उगारता. देवाला हवा असलेला उपवास म्हणजे जखडलेल्याची बंधने सोडणे, भुकेल्याला आपल्या भाकरीतली भाकरी देणे, बेघराला घरात घेणे. जो खोटे बोलणे आणि खोटे वागणे सोडत नाही, त्याने खाणेपिणे सोडल्याची अल्लाहला गरज नाही, या अर्थाची प्रेषित मुहम्मद (स.) यांची हदीस आपण दर रमजानमध्ये ऐकतो.

हा अध्याय आपल्या महाराष्ट्रातही वाचला जातो, तोही पूर्ण उपवासाच्या दिवशी. कोकणातले बेने इस्राईल म्हणजे मराठी बोलणारे यहुदी. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून ‘शनवार तेली’. आपल्या उपासनागृहाला ते मशीदच म्हणत. मुंबईतली त्यांची पहिली मशीद १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधली. प्रायश्चित्ताच्या उपवासाच्या दिवशी, योम किप्पूरला, घराची दारे लावून घेत, म्हणून त्या दिवसाला त्यांनी मराठी नाव दिले ‘दारफाळणीचा सण’. दुसऱ्या दिवशी शिळा सण. त्या दिवशी गोरगरिबांना दान द्यायचे आणि आप्तेष्टांना भेटायचे. बंद दार दुसऱ्याच दिवशी गरिबासाठी उघडायचे, ही रीत मला फार आवडते.

यातून नमाज-रोजा गौण आहे असा अर्थ काढणारे भेटतात. तो अर्थ चुकीचा आहे. मलाखी या नबीने आंधळी, लंगडी जनावरे वेदीवर आणणाऱ्यांना झापले आहे: हेच जनावर सुभेदाराला नजर करून बघा, तो घेईल का? ज्याला कुर्बानीच नको असती, त्याने जनावराचा डोळा कशाला तपासला असता? दुसरी चूक याहून वाईट. हे सारे ‘त्यांच्या’विषयी आहे म्हणून पान उलटायचे. त्यांच्यातले सगळे सारखे नाहीत, हे कुरआनच सांगतो. आणि सूरह माऊनमधला धिक्कार नमाज पढणाऱ्यांसाठीच आहे. अनाथाला ढकलणारे, दिखाव्यासाठी उभे राहणारे आणि साधी वापरायची वस्तू शेजाऱ्याला नाकारणारे. भाष्यकारांनी त्या वस्तू मोजून दाखवल्या आहेत: हंडी, डोल, मीठ. बहुतेक स्वयंपाकघरातल्याच.

पुन्हा डिंभ्याकडे यायचे तर, घोड नदीवरच्या या धरणात सुमारे साडेतेरा टीएमसी पाणी मावते. ज्या आंबेगावच्या नावाने तालुका ओळखला जातो, ते जुने गावच त्यात गेले. जमिनी बुडालेली अनेक महादेव कोळी कुटुंबे काठावरच राहिली; पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या गाळात पीक घेतात, मासे धरतात. कालव्यांचे पाणी खालच्या शेतांना जाते. त्या पाण्यावर पिकलेले धान्य, भाजी आणि साखर आपल्याही घरात येते. इफ्तारच्या दस्तरख्वानवरही. आपण वुजू करतो ते पाणी कोणाच्या शेतावरून आले, हा प्रश्न आमोसने नक्की विचारला असता.

असले प्रश्न विचारले म्हणूनच बेथेलच्या पुरोहिताने, अमस्याने, त्याला हाकलले. हे राजाचे पवित्रस्थान आहे, तू आपल्या गावी जा, तिथे पोट भर. आमोसने सांगितले, मी पोटासाठी हे करीत नाही. मी गुरे राखणारा, उंबराची झाडे जोपासणारा माणूस आहे, मला कळपामागून उचलून इथे पाठवले आहे.