हलतें चित्र आणि त्याची बाह्यरेषा

चित्रपट पाहणाऱ्यास पडद्यावरील दृश्य सलग हालत असल्याचा भास होतो. वस्तुतः तीं एका सेकंदांत चोवीस निरनिराळीं स्थिर चित्रें असतात. प्रत्येक चित्र आपल्या नेमक्या जागीं येऊन थांबलें तरच हा भास टिकतो. जागा चुकली कीं चित्र थरथरूं लागतें. ही अडचण आजची नव्हे. दादासाहेब फाळके १९१२ सालीं विलायतेहून सामग्री घेऊन आले, तेव्हां फिल्मच्या कडेचीं छिद्रेंहि घरींच पाडावीं लागत, आणि सरस्वतीबाई फाळके तें काम अंधारांत करीत. छिद्रांमधील अंतर सारखें नसेल तर पडद्यावर चित्र नाचावयाचें. १९१३ सालीं लोकांनीं ‘राजा हरिश्चंद्र’ पाहिला, त्यामागें या छिद्रांची शिस्तहि होती.

दुसरी युक्ति बाह्यरेषेची. अमेरिकेंतील मॅक्स फ्लायशर यांनीं ‘रोटोस्कोप’ नांवाच्या यंत्राच्या पेटंटासाठीं १९१५ सालीं अर्ज केला. १९१७ सालीं पेटंट मिळालें. माणसाच्या हालचालीचें चित्रण एकेक चौकटीनें कांचेवर पाडावयाचें आणि त्यावरून रेघ गिरवून व्यंगचित्र हलवावयाचें, अशी ती रीत. आतां कांचेची जागा संगणकानें घेतली आहे, परंतु कारागिरांच्या तोंडीं ‘रोटो’ हा शब्द राहिला आहे. दृश्यांतील एखादी आकृति पार्श्वभूमीपासून कातरून वेगळी काढणें, असा त्याचा आजचा अर्थ.

समजा, माधवनगरच्या रस्त्यानें उसानें भरलेली बैलगाडी चालली आहे आणि तिचें चित्रण हातांत कॅमेरा धरून केलें आहे. दिग्दर्शकास गाडीमागें किल्ला दाखवावयाचा आहे. पांच सेकंदांच्या दृश्यांत १२० चौकटी होतात. गाडीहि पुढें सरकते आणि कॅमेराहि हलतो. तेव्हां प्रत्येक चौकटींत नव्यानें रेघ ओढीत बसणें हें मोठें कष्टाचें काम. म्हणून कारागीर प्रथम गाडीवरील एक ठळक खूण धरतो. ती खूण चौकटीगणिक किती सरकली, हें संगणक मोजतो आणि प्रत्येक चौकट तितकीच उलट सरकवितो. गाडी जागच्या जागीं उभी राहते. मग थोड्याच चौकटींत रेघ ओढली तरी मधल्या चौकटी संगणक भरून काढतो. बैलांचे पाय, फिरतें चाक आणि उसाचे शेंडे यांना मात्र स्वतंत्र रेघा द्याव्या लागतात.

परंतु अखेरचें दृश्य मूळच्या चित्रणावरच बसवावयाचें असतें. म्हणून काढून घेतलेली हालचाल रेघेस परत द्यावी लागते. हें सर्व एकाच सॉफ्टवेअरमध्यें झालें तर फारशी अडचण नाहीं. रेघ एकांत काढून दुसऱ्यांत न्यावयाची असली म्हणजे मात्र तीन ठिकाणीं घात होतो.

पहिलें ठिकाण मोजणीचा कोपरा. ‘आफ्टर इफेक्ट्स’ वरच्या डाव्या कोपऱ्यापासून मोजतें, ‘न्यूक’ खालच्या डाव्या कोपऱ्यापासून. चौकटीची उंची १०८० बिंदु असेल, तर वरून २०० वर असलेली खूण खालून ८८० वर येते. हा पालट करतांना फिरण्याची दिशाहि उलटते, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. दुसरें ठिकाण चौकटीचा क्रमांक. एका ठिकाणीं पहिल्या चौकटीस शून्य म्हटलें आणि दुसऱ्या ठिकाणीं एक, तर सारी रेघ एका चौकटीनें मागें अथवा पुढें पडते. गाडी दर चौकटीस बारा बिंदु सरकत असेल, तर तिच्या कडेस बारा बिंदूंची फट दिसते. तिसरें ठिकाण वक्ररेषेची जात. दोन सॉफ्टवेअर वक्ररेषा निरनिराळ्या रीतीनें मांडीत असतील, तर रूपांतरांत तिचा आकार किंचित् बदलतो.

यावर एक निर्धोक उपाय आहे. रेघ न पाठवितां, हालचाल परत देऊन झाल्यावर, आकृति पांढरी आणि बाकी सारें काळें अशीं चौकटवार चित्रेंच पाठवावीं. तीं कोठेंहि उघडतात. मात्र पुढें रेघ सुधारावयाची झाल्यास मूळ ठिकाणींच परत जावें लागतें. म्हणून जाणता कारागीर दोन्ही जपून ठेवतो.

त्याहून महत्त्वाची संवय म्हणजे आधीं पारख करणें. कामास हात घालण्यापूर्वीं एका ठळक खुणेवर फुली काढावी, ती पलीकडे पाठवावी आणि पहिल्या, मधल्या व शेवटच्या चौकटींत त्याच खुणेवर बसते कीं नाहीं तें पाहावें. या पारखीस थोडा वेळ लागतो. ती टाळली तर पुष्कळ दिवसांचे श्रम वायां जाऊं शकतात. मुंबई-पुण्याकडे या धंद्यांत शिरणाऱ्या अनेक तरुणांच्या हातीं प्रथम हेंच काम येतें. तें चांगलें झालें तर कोणाच्या नजरेस पडत नाहीं. बिघडलें तर मात्र सर्वांस दिसतें. पडद्यावरील किल्ल्यापुढून गाडी निमूटपणें निघून गेली, कीं त्या कारागिरास आपली पावती मिळाली असें समजावें.