घोरपडीचे जेवण

मुलांनो, तुम्ही घोरपड पाहिली आहे का? शेताच्या बांधावर, ओढ्याच्या काठी किंवा जुन्या किल्ल्याच्या तटावर ती ऊन खात पडलेली असते. माणसाची चाहूल लागली, की ती झटकन बिळात किंवा दगडाच्या फटीत शिरते. तानाजी मालुसऱ्यांच्या गोष्टीत तुम्ही तिचे नाव नक्कीच ऐकले असेल.

उर्दूत आपण तिला ‘गोह’ म्हणतो. अरबी भाषेत तिच्या जातीच्या प्राण्याला ‘वरल’ म्हणतात. या अरबी शब्दावरूनच शास्त्रज्ञांनी घोरपडीच्या साऱ्या कुळाला ‘व्हॅरॅनस’ हे नाव दिले. आशिया, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया या खंडांत घोरपडीच्या अनेक जाती आहेत. भारतात चार जाती आढळतात.

घोरपड काय खाते, कसे खाते आणि कधी खाते, हे मोठे गमतीचे आहे. तिच्या काही सवयी पाहून आपल्याला हसू येईल, काही पाहून किळसही येईल. पण त्या प्रत्येक सवयीला काहीतरी कारण आहे. ते कारण समजून न घेता तिला पाळले आणि खाऊ घातले, तर काय होते? तेच या पाठात आपण पाहणार आहोत.

प्रथम आपल्याकडची घोरपड पाहू. ती चालताना सारखी जीभ बाहेर काढते आणि आत घेते. तिची जीभ सापासारखी दुभंगलेली असते. जिभेच्या दोन टोकांवर हवेतील वासाचे कण बसतात. तिच्या टाळूत वास ओळखणारे एक खास इंद्रिय असते. जीभ आत गेली, की त्या इंद्रियाला वास कळतो. उजव्या टोकावर वास अधिक असेल, तर भक्ष्य उजवीकडे आहे असे ती ओळखते. म्हणजे घोरपड जिभेने हुंगते!

वास लागला, की ती पुढच्या पायांच्या नख्यांनी पालापाचोळा आणि माती उकरते. भुंगे, अळ्या, नाकतोडे, विंचू, गोगलगायी, खेकडे, बेडूक, उंदीर, पक्ष्यांची अंडी असे जे मिळेल ते ती खाते. मेलेले जनावरही तिला चालते. खेड्यात कधी कधी ती कोंबड्यांच्या खुराड्यात शिरते आणि अंडी पळवते. त्यामुळे लोक तिच्यावर रागावतात. परंतु शेतातील किडे आणि उंदीर खाऊन ती शेतकऱ्याचे काम हलके करते, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात येते.

आपण घास चावून खातो. घोरपड तसे करीत नाही. तिचे दात भक्ष्य पकडण्यासाठी आणि फाडण्यासाठी असतात. मान वर करून ती डोक्याला झटके देते आणि भक्ष्य घशात ढकलते. लहानसहान प्राणी ती सबंधच गिळते.

आता आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. घोरपडीचे शरीर आपल्यासारखे आतून गरम राहत नाही. तिला सूर्याची ऊब लागते. शरीर तापले, तरच तिच्या पोटातील अन्न पचते. अंगाला ऊब मिळाली नाही, तर ते अन्न पोटात कुजू लागते आणि घोरपड ते ओकून टाकते. मराठीत ‘ऊन खाणे’ असा शब्दप्रयोग आहे. घोरपडीच्या बाबतीत तो अगदी खरा आहे. तिच्या जेवणात ऊनही असावेच लागते.

घोरपडीच्या कुळातील सर्वांत मोठा प्राणी म्हणजे इंडोनेशियातील कोमोडो ड्रॅगन. तो तीन मीटरपर्यंत लांब वाढतो. हरीण, रानडुक्कर, म्हैस असे प्राणी तो खातो. एका जेवणात तो आपल्या वजनाच्या सुमारे ८० टक्के मांस पोटात भरू शकतो. म्हणजे ५० किलो वजनाच्या माणसाने एका वेळी ४० किलो जेवावे, तसे झाले! एवढे खाल्ल्यावर त्याला बरेच दिवस अन्नाची गरज पडत नाही. पोट भरलेले असताना संकट आले, तर तो खाल्लेले सारे ओकतो आणि हलक्या अंगाने पळून जातो.

कोमोडोची जेवण्याची पद्धतही वेगळी आहे. भक्ष्याची आतडी खाण्यापूर्वी तो ती जोरजोराने झटकतो आणि त्यांतील घाण बाहेर टाकतो. मोठा तुकडा घशात अडकला, तर तो झाडाच्या बुंध्यावर रेटून आत ढकलतो. तोंड असे भरलेले असताना त्याचा जीव गुदमरत नाही, कारण त्याच्या जिभेखालून एक श्वासनळी पुढे आलेली असते. केस, शिंगे आणि खूर पचत नाहीत. त्यांचा गोळा तो काही काळाने तोंडावाटे बाहेर टाकतो आणि मग माणसाने तोंड पुसावे तसे आपले तोंड मातीत घासतो. त्याची पिल्ले मात्र झाडावर राहतात आणि किडे-पाली खातात. खाली उतरली, तर मोठे कोमोडो त्यांनाही सोडत नाहीत!

वॉल्टर ऑफेनबर्ग नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञांनी कोमोडो बेटावर राहून या प्राण्याचा अभ्यास केला. पुढे ते फिलिपीन्स देशात गेले. तेथील लुझोन बेटावर त्यांना वेगळीच घोरपड अभ्यासायला मिळाली. ती चक्क फळे खाते! केवड्याच्या कुळातील झाडांची पिकलेली फळे तिला आवडतात. फळे नसतील, तेव्हा ती गोगलगायी आणि खेकडे खाते. या घोरपडीवरील त्यांचे पुस्तक १९८८ साली प्रसिद्ध झाले. आपल्याकडच्या घोरपडीवरही त्यांनी १९९४ साली मोठा ग्रंथ लिहिला.

खाण्यासाठी घोरपड डोकेही चालवते. अमेरिकेत आठ तरुण घोरपडींपुढे शास्त्रज्ञांनी एक पारदर्शक नळी ठेवली. नळीत उंदीर होते आणि नळीला छोटी दारे होती. दार कसे उघडायचे हे कोणीही त्यांना शिकवले नव्हते. तरी दहा मिनिटांच्या आत आठही घोरपडींनी दार उघडून उंदीर मिळवला. दुसऱ्या वेळी तर त्यांनी हे काम अधिक लवकर केले. हा प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला.

असा हुशार प्राणी माणसाला आवडला, यात नवल नाही. १९२७ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात दोन कोमोडो ड्रॅगन आणले गेले. तेथे जोन प्रॉक्टर नावाच्या बाई सरपटणाऱ्या प्राण्यांच्या प्रमुख होत्या. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी तेथे बांधलेल्या नव्या घराची रचनाही त्यांनीच केली होती. कोणत्या प्राण्याला किती ऊब हवी, किती प्रकाश हवा, याचा त्यांनी बारकाईने विचार केला होता. त्या दोन ड्रॅगनांपैकी एकाचे नाव होते सुंबावा. १९२८ साली शास्त्रज्ञांच्या एका सभेत प्रॉक्टरबाई सुंबावाला घेऊन आल्या. सुंबावाने सर्वांसमोर त्यांच्या हातून कोंबडी, अंडी आणि कबूतर खाल्ले आणि त्या वेळी बाईंनी त्याला थोपटले तरी तो शांत राहिला! प्रॉक्टरबाईंची प्रकृती नाजूक होती. १९३१ साली वयाच्या अवघ्या ३४ व्या वर्षी त्या वारल्या. पण प्राण्याला खाऊ घालण्याआधी त्याला ओळखावे लागते, हे त्यांनी दाखवून दिले.

प्रत्येक पाळलेल्या घोरपडीचे नशीब सुंबावासारखे नसते. आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशात घोरपडीची एक जात राहते. तिची पिल्ले मोठ्या संख्येने अमेरिकेत आणि युरोपात विकली जातात. हौशी लोक ती घरी काचेच्या पेटीत पाळतात. रानात ही घोरपड मुख्यतः किडे, गोम्या आणि गोगलगायी खाते. पावसाळ्यात भरपूर खाऊन ती अंगात चरबी साठवते. कोरड्या ऋतूत अन्न मिळत नाही, तेव्हा त्या चरबीवर ती कित्येक महिने काढते. निसर्गाने तिचे शरीर असेच घडवले आहे.

घरात मात्र तिला बाराही महिने खायला मिळते. पुष्कळ लोक तिला किड्यांऐवजी उंदीर देतात. तीही दिसेल ते खाते, कारण पुढे उपास घडणार असेच तिचे शरीर समजते. मालकाला वाटते, “बिचारीला किती भूक लागली आहे!” आणि तो आणखी देतो. उपासाचा काळ येतच नाही. मग ती लठ्ठ होते. तिचे काळीज, म्हणजे यकृत, चरबीने भरते आणि ती अकाली मरते. पेटीत ऊब कमी पडली, तर अन्न पचत नाही. सूर्यप्रकाश आणि चुना, म्हणजे कॅल्शियम, कमी पडले, तर हाडे मऊ होऊन वाकतात. कधी घासाबरोबर वाळू आणि खडे पोटात जातात आणि आतडे बंद होते. हाताला उंदराचा वास असेल, तर ती मालकाच्या हातालाच चावते. तो काही तिचा राग नव्हे. तिच्या जिभेला तो हात म्हणजे खाऊच वाटतो.

पाहा बरे, मालकाने तिला उपाशी ठेवले नव्हते की मारले नव्हते. त्याने तिला प्रेमानेच खाऊ घातले. पण ते खाणे त्याच्या मनासारखे होते, तिच्या शरीरासारखे नव्हते. नुसत्या प्रेमाने पोट भरते, पण जीव वाचतोच असे नाही.

आपल्या देशात घोरपड पाळणे, पकडणे, मारणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला वाघाइतकेच संरक्षण दिले आहे. तरीही मांसासाठी आणि तेलासाठी लोक तिला चोरून मारतात. तिच्या तेलाने सांधे बरे होतात असा समज आहे, पण त्याला शास्त्राचा आधार नाही.

तेव्हा मुलांनो, तुमच्या अंगणात घोरपड आली, तर तिला दगड मारू नका. तिला पकडून खोक्यातही ठेवू नका आणि दूध-भाकरी घालू नका. दूर उभे राहून तिला पाहा. ती बहुधा स्वतःच निघून जाईल. ती घरात अडकली असेल, तर मोठ्या माणसांना सांगा आणि वनविभागाला कळवा. तिचे जेवण तिला ठाऊक आहे. बांधावरचे किडे, ओढ्यातले खेकडे आणि वरून पडणारे ऊन एवढे आपण तिच्यासाठी राखून ठेवले, तरी पुरे.

स्वाध्याय

१. घोरपड सारखी जीभ बाहेर का काढते?
२. ‘घोरपडीच्या जेवणात ऊनही असावेच लागते.’ हे वाक्य स्पष्ट करा.
३. कोमोडो ड्रॅगनच्या जेवणाच्या तीन सवयी लिहा.
४. पाळलेली आफ्रिकी घोरपड लठ्ठ का होते?
५. ‘नुसत्या प्रेमाने पोट भरते, पण जीव वाचतोच असे नाही.’ तुमच्या माहितीतील एखादे उदाहरण देऊन चार-पाच ओळी लिहा.
६. ‘ऊन खाणे’ याप्रमाणे ‘मार खाणे’, ‘हवा खाणे’ आणि ‘भाव खाणे’ यांचे अर्थ विचारून घ्या व वाक्यांत उपयोग करा.