मुसाफिराचा रोजा आणि विलगीकरणाची खोली

रमजानचे रोजे प्रत्येक सज्ञान आणि निरोगी मुसलमानावर फर्ज, म्हणजे बंधनकारक आहेत. मात्र कुरआननेच दोघांना सवलत दिली आहे. एक आजारी माणूस, दुसरा मुसाफिर. या दोघांनी सुटलेले रोजे नंतर, जमेल तेव्हा पूर्ण करायचे असतात. ही सवलत समजायला सोपी होती, कारण माणूस एक तर घरी असे किंवा वाटेवर. २०२० आणि २०२१ च्या रमजानमध्ये मात्र हजारो माणसे अशा ठिकाणी येऊन थांबली, जिथे प्रवास संपला होता पण घर आले नव्हते. विमानतळ आणि घर यांच्या मध्ये विलगीकरणाची एक खोली उभी राहिली होती.

मार्च २०२० च्या चौथ्या आठवड्यात भारतात येणारी आंतरराष्ट्रीय प्रवासी विमाने बंद झाली. २५ एप्रिलला देशाच्या बहुतेक भागांत रमजानचा पहिला रोजा झाला. मशिदी बंद होत्या, तरावीहची नमाज घरात होत होती आणि परदेशात अडकलेली माणसे दूतावासाकडे नावे नोंदवून वाट पाहत होती. ७ मे रोजी, तेराव्या रोजाला, ‘वंदे भारत’ मोहिमेची पहिली दोन विमाने अबुधाबीहून कोचीला आणि दुबईहून कोझिकोडला आली. लंडनहून निघालेले विमान १० मे रोजी पहाटे मुंबईत उतरले. नोकरी गेलेले कामगार, गरोदर स्त्रिया, व्हिसाची मुदत संपलेले लोक, विद्यार्थी यांना आधी जागा देण्यात आली. तिकिटाचे पैसे मात्र ज्याचे त्याने भरायचे होते. लंडन-मुंबई प्रवासाला सुमारे ५० हजार रुपये पडत होते. उतरल्यावर १४ दिवसांचे विलगीकरण, तेही स्वतःच्या खर्चाने.

रत्नागिरी, रायगडच्या खाडीकाठच्या गावांना हा हिशेब नीट कळत होता. तिथल्या अनेक घरांतला एखादा तरी माणूस दुबईत, कुवेतमध्ये, दोह्यात नाही तर दम्माममध्ये असतो. सुटी मिळवून रमजानच्या शेवटच्या दिवसांत घरी यायचे, ईद करायची आणि परत जायचे, हा तिथला वर्षानुवर्षांचा क्रम. त्या वर्षी येणारा माणूस सुटीवर येत नव्हता. बऱ्याचदा तो नोकरी गमावून येत होता, आणि हातात उरलेल्या पैशांतूनच त्याला हॉटेलचे भाडे द्यायचे होते.

आकाशातले मोजमाप

विमानातला रोजा ही तशी जुनी गंमत आहे. रोजा घड्याळावर सुटत नाही, सूर्य मावळल्यावर सुटतो. दुबईत सहेरी करून, म्हणजे पहाटेचे जेवण घेऊन, दिवसा मुंबईला उतरलेल्या माणसाचा रोजा तासाभराहून थोडा अधिक लहान होतो, कारण पूर्वेकडे सूर्य लवकर मावळतो. उलट दिशेने जाणाऱ्याला तेवढाच वेळ जास्त थांबावे लागते. विमान उंचावर असताना जमिनीवर सूर्यास्त झाला असला, तरी खिडकीतून सूर्य दिसत असेल तर प्रवाशाने थांबायचे असते.

खोलीत पोहोचल्यावर वेगळा प्रश्न आला. १४ दिवस हॉटेलात राहणारा माणूस मुसाफिर की मुक्कामी? हनफी पंथाच्या नियमानुसार, घरापासून दूर असलेल्या माणसाचा एका जागी १५ दिवस किंवा त्याहून अधिक राहण्याचा इरादा असेल, तर तो मुक्कामी ठरतो. त्याहून कमी असेल तर मुसाफिरच. म्हणजे मराठवाड्यातल्या हनफी माणसाला मुंबईतल्या त्या १४ दिवसांत प्रवासाची सवलत होती. कोकणातले मुसलमान मात्र बहुतांश शाफई पंथाचे. त्यांच्याकडे येण्या-जाण्याचे दिवस सोडून चार दिवस राहायचे ठरले की माणूस मुक्कामी होतो आणि रोजा त्याच्यावर बंधनकारक होतो. मूळ मुंबईकराला तर कुठल्याच पंथात सवलत नव्हती. तो आपल्याच गावात होता, फक्त आपल्या घरात नव्हता. एकाच मजल्यावरच्या तीन खोल्यांत तीन वेगळी उत्तरे लागू होत होती.

ज्यांनी रोजे धरले, त्यांच्यापुढे जेवणाच्या वेळेचा पेच होता. हॉटेलचे जेवण ठरल्या वेळी दाराबाहेर ठेवले जाई. मे महिन्यात मुंबईत इफ्तार सायंकाळी सातच्या सुमारास आणि सहेरी पहाटे साडेचारच्या आसपास संपते. जिथे सहेरीची वेगळी सोय नव्हती, तिथे रात्रीच्या जेवणातली पोळी आणि केळे झाकून ठेवायचे आणि पहाटे गारच खायचे, हाच मार्ग होता. एरवी इफ्तार हा एकत्र बसून खायचा घास. इथे खजूर एकट्याने तोंडात टाकायचा आणि फोनच्या पडद्यावर घरचे दस्तरखान बघायचे.

हजरत उमर परत फिरले

साथीच्या काळात माणसाला वाटेत अडवणे धर्माला धरून आहे का, ही शंकाही त्या दिवसांत कुणी कुणी विचारली. तिचे उत्तर इस्लामच्या इतिहासात फार आधी मिळते. इ. स. ६३९ च्या सुमारास शाम प्रांतात, म्हणजे आजच्या सीरिया-पॅलेस्टाईनच्या भागात, अमवासची प्लेगची साथ पसरली. दुसरे खलीफा हजरत उमर (रजि.) तिकडे निघाले होते. सर्ग या ठिकाणी साथीची बातमी कळली. पुढे जावे की परतावे, यावर सोबत्यांत मतभेद झाले. तेव्हा हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी पैगंबर मुहम्मद (स.) यांची शिकवण सांगितली. ती अशी, की ज्या मुलखात साथ आहे तिथे जाऊ नये आणि आपण असू तिथे साथ आली तर तिथून पळून जाऊ नये. हजरत उमर परत फिरले. हे अल्लाहच्या इच्छेपासून पळणे नाही का, असे सेनापती अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले असता, आपण अल्लाहच्या एका इच्छेकडून दुसऱ्या इच्छेकडे जात आहोत, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. अबू उबैदा आपल्या लोकांसोबत तिथेच राहिले आणि त्याच साथीत गेले.

शिकवणीचा दुसरा भाग पाळणे अधिक कठीण आहे. साथीच्या गावात थांबून राहणाऱ्याला स्वतःसाठी काहीच मिळत नसते. त्याच्या थांबण्याने वाचतो तो दुसरा, बहुधा अनोळखी माणूस. इस्लाममध्ये याला हुकूकुल इबाद, म्हणजे माणसांचे माणसांवरचे हक्क म्हणतात.

कामरानचे बेट

महाराष्ट्रातून निघालेल्या मुसाफिरांना विलगीकरण पहिल्यांदा भेटले तेही या साथीत नव्हे. १८६५ मध्ये मक्केत कॉलऱ्याने हजारो यात्रेकरूंचा बळी घेतला आणि ती साथ पुढे युरोपात गेली. दुसऱ्या वर्षी कॉन्स्टँटिनोपलला आंतरराष्ट्रीय परिषद भरली. पुढे १८८२ मध्ये उस्मानी सरकारने तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर विलगीकरणाचे ठाणे उभारले. मुंबई बंदरातून हजला निघालेल्या जहाजांना तिथे थांबावे लागे. उन्हातले झोपडे, पाण्याची टंचाई आणि वर भरावे लागणारे शुल्क, याबद्दल यात्रेकरू तक्रारी करीत. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९७ मध्ये तर इथून हजला जाणेच बंद करण्यात आले. कामरानचे ठाणे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालले.

शुल्काची ती तक्रार २०२० मध्येही तितकीच खरी होती. थांबणे सर्वांच्या भल्यासाठी असेल, तर त्याचा खर्च फक्त थांबणाऱ्याने का सोसावा? २४ मे २०२० रोजी, देशाच्या बहुतेक भागांतील ईदच्या आदल्या दिवशी, केंद्राने नियम थोडा सैल केला. सात दिवस स्वखर्चाने संस्थात्मक आणि सात दिवस घरी. गरोदर स्त्रिया, दहा वर्षांखालील मुलांचे पालक, गंभीर आजारी आणि घरात मृत्यू झालेले यांना थेट घरी विलग राहण्याची मुभा मिळू शकत होती. पण अंत्ययात्रा थांबत नाही, दफनविधी तर शक्य तितक्या लवकर उरकतात. अशा वेळी शाफई पंथात दूर असलेल्या मृतासाठी गायबाना नमाज पढता येते. बंद दाराआड किती जणांनी ती एकट्याने पढली असेल, याची मोजदाद कुठे नाही.

तिसऱ्या देशातला मुक्काम

२०२१ मध्ये परत जाणाऱ्यांची वाट अडली. सौदी अरेबियाने फेब्रुवारीत भारतासह २० देशांतून थेट प्रवेश बंद केला. इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, हातात असूनही कामगाराला आधी तिसऱ्या देशात १४ दिवस काढावे लागत. त्यासाठी कुणी नेपाळला गेले, कुणी मालदीवला, कुणी बहरीनला. पगार सुरू होण्याआधीच कर्ज सुरू झाले. २५ एप्रिलपासून, ऐन रमजानमध्ये, संयुक्त अरब अमिरातीनेही भारतातून येणाऱ्यांना मनाई केली. त्या विमानांच्या रांगेत मुसलमान होते तसे केरळचे ख्रिस्ती होते आणि आपल्याकडचे हिंदू गवंडी, सुतार, फिटरही होते. ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर अहवाल सर्वांनाच लागत होता आणि उशीर झाला तर सर्वांचाच वाया जात होता.

अनेकांनी त्या एकांताची तुलना एतिकाफशी केली. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत मशिदीत एकांतात राहून इबादत करणे म्हणजे एतिकाफ. पण एतिकाफला माणूस स्वतःहून बसतो आणि वस्तीतल्या लोकांकडून त्याला जेवण पोहोचते. सक्तीचा एकांत इबादत होतो की शिक्षा, हे बरेचसे दाराबाहेरच्या माणसांवर ठरते. सहेरीचा डबा वेळेवर ठेवणारा हॉटेलचा कामगार, औषध आणून देणारा शेजारी, हातावर विलगीकरणाचा शिक्का असलेल्या माणसाकडे संशयाने न बघणारे गाव, यांचाही त्या रोजांत वाटा आहे.

२७ मार्च २०२२ रोजी भारतातून नियमित आंतरराष्ट्रीय विमाने पुन्हा सुरू झाली. बरोबर एका आठवड्याने, ३ एप्रिलला, रमजानचा पहिला रोजा होता. त्या ईदला कोकणातल्या कित्येक घरांत दोन वर्षे न आलेली माणसे पोहोचली. ज्यांचे रोजे आजारपणात किंवा प्रवासात राहून गेले होते, त्यांना ते पुढे एकेक करून फेडता आले. घरापासून दूर गेलेल्या त्या दोन ईदांची परतफेड मात्र कुठल्याही नियमात नाही.