धूर बाहेर, ऊब आत



दिवाळी सरली, थंडी पडू लागली की आपल्याकडच्या गाड्या उत्तरेची वाट धरतात. रावेर-यावलची केळी, नाशिककडची द्राक्षे, लासलगावचा कांदा असा माल दिल्ली, पंजाब आणि थेट जम्मू-काश्मीरपर्यंत जातो. मालाबरोबर जातात ती आपलीच पोरे. त्यांची रात्र बहुधा गाडीतच जाते. अलीकडे काही शेतकरी गटांनी तर जुन्या टेम्पोत बाकडी, गाद्या, पाण्याची टाकी बसवून राहण्याची गाडीच तयार केली आहे. शहरातले लोक तिला कॅम्पर किंवा कॅराव्हॅन म्हणतात. यात्रेला जायचे, कृषी प्रदर्शनाला जायचे, तर लॉजचे पैसे वाचतात.

पण डिसेंबर-जानेवारीत पंजाब-हरयाणाची थंडी म्हणजे आपली हुरड्याची थंडी नव्हे. पत्र्याची गाडी रात्री बर्फासारखी गार पडते. मग घरची माउली शिदोरी बांधताना काळजीने एक घोंगडी जास्त देते आणि त्याबरोबर लोखंडी शेगडी आणि कोळशाची पिशवीही गाडीत ठेवते. आजचा लेख आहे तो या शेगडीविषयी, आणि तिच्या जागी काय बसवावे याविषयी.

माझीच चूक

दुसऱ्याला शहाणपण सांगण्याआधी स्वतःची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी जानेवारीत आम्ही शेतकऱ्यांचा अभ्यासदौरा घेऊन हिमाचलात गेलो होतो. सफरचंदाची छाटणी पाहायची होती. वाटेत बर्फ पडल्याने रस्ता बंद झाला आणि आम्ही नऊ जण रात्रभर गाडीत अडकलो. जवळच्या ढाब्यावरून कोणीतरी घमेलेभर निखारे आणले. एकाने विचारले, "साहेब, आत ठेवले तर चालेल ना?" मी म्हणालो, "धूर कुठे आहे? निखारे लाल झालेत. ठेवा." कृषी पदवीधर माणूस मी, रसायनशास्त्र शिकलेला, आणि हे बोललो.

रात्री दोनच्या सुमारास आमच्यातले एक म्हातारे आबा लघवीला उठले. दार उघडले आणि पाय लटपटून ते दारातच कोसळले. त्या आवाजाने आणि आत आलेल्या गार वाऱ्याने आम्ही कसेबसे जागे झालो. प्रत्येकाचे डोके घणाने ठोकल्यासारखे दुखत होते. दोघांना उलट्या झाल्या. एकाला तर चापट्या मारून उठवावे लागले. आबांना त्या वेळी जाग आली म्हणून आम्ही नऊच्या नऊ जण घरी परतलो. नाहीतर हा लेख लिहायला मी उरलो नसतो.

हा वायू कळत नाही

निखारा किंवा इंधन अपुऱ्या हवेत जळाले की कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. धूर दिसत नाही म्हणून आपण निर्धास्त राहतो, आणि घात होतो तो इथेच. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. हा वायू त्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. मग शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. आधी डोके जड होते, मळमळते, झोप अनावर होते, आणि झोपलेला माणूस उठतच नाही.

विहिरीत खाली उतरवून चालू केलेल्या ऑइल इंजिनाने माणसे दगावल्याच्या गोष्टी जुन्या जाणत्यांनी ऐकल्या असतील. तोच हा वायू. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातील वडकरा येथे रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसे मृत सापडली. गाडीतला जनरेटर चालू होता आणि त्याचा वायू तळातील फटीतून आत शिरला होता, असे तज्ज्ञांच्या तपासणीत दिसून आले. एवढीशी फट, पण दोन जीव गेले. ही फट ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम आहे.

हीटर म्हणजे हवेचा बंब

मग थंडीत कुडकुडायचे काय? नाही. थंड मुलुखात ट्रक आणि राहण्याच्या गाड्यांना डिझेलवर चालणारा हवेचा हीटर बसवतात. जर्मनीतील वेबास्टो आणि एबरस्पेशर या कंपन्या त्यासाठी पूर्वीपासून नावाजलेल्या आहेत. आता चिनी बनावटीचे हीटरही सर्रास मिळतात.

त्याचे काम समजायला आपला तांब्याचा बंब डोळ्यांपुढे आणा. बंबाच्या मधल्या नळीत विस्तव असतो, भोवती पाणी. पाणी तापते, पण राख पाण्यात पडत नाही. या हीटरमध्ये पाण्याच्या जागी हवा असते. आत एक बंद भट्टी असते. तिला लागणारी हवा गाडीखालच्या एका नळीतून बाहेरून येते आणि धूर दुसऱ्या नळीतून गाडीखालीच बाहेर जातो. भट्टीच्या भोवती ॲल्युमिनियमचे पंखांसारखे पापुद्रे असतात. छोटा पंखा गाडीतली हवा त्यावरून फिरवतो आणि ती गरम होऊन परत आत येते. भट्टीची हवा वेगळी, आपल्या श्वासाची हवा वेगळी. बसवताना जी काही काळजी घ्यायची ती या दोन हवा एकमेकींत मिसळू नयेत म्हणून.

खर्चाचे म्हणाल तर लहान गाडीला किंवा केबिनला दोन किलोवॉटचा हीटर पुरतो. मंद चालवला तर तो तासाला सुमारे शंभर मिलिलिटर आणि पूर्ण जोरात पाव लिटरच्या आसपास डिझेल घेतो. म्हणजे रात्रभराला लिटर-दीड लिटर. केबिन गरम राहावी म्हणून मोठ्या ट्रकचे इंजिन उभ्या-उभ्या चालू ठेवले तर तेवढे डिझेल तासाभरातच जाते.

बसवताना काय पाहावे

आमच्या भागातील एका गटाने जुन्या टेम्पोला असा हीटर बसवला. मी दोन दिवस गॅरेजमध्ये बसून होतो. तिथे जे पाहिले, शिकलो, ते क्रमाने सांगतो.

१) जागा व पॅकिंग : हीटर गाडीच्या तळावर किंवा बाकड्याखाली घट्ट बसवतात. धुराची, हवेची आणि डिझेलची नळी तळाला भोक पाडून खाली उतरते. त्या भोकावर धातूची पट्टी आणि हीटरसोबत आलेले पॅकिंग बसवलेच पाहिजे. आमच्या मिस्त्रीने घाईत पॅकिंग एका बाजूला दुमडले होते. कंदिलाएवढा उजेड खालून आत दिसत होता. वडकऱ्याची फट ती हीच. आम्ही ते सारे उतरवून पुन्हा बसवायला लावले.

२) धुराची नळी : ती स्टेनलेस स्टीलचीच असावी. तिचा एकही जोड गाडीच्या आत येता कामा नये. नळीला खाली उतार द्यावा, म्हणजे आत साचणारे पाणी निथळून जाईल. सायलेन्सरला पाणी जाण्याचे बारीक भोक असते, ते खालच्या बाजूला यावे. नळीचे तोंड खिडकी, दार आणि हवा घेणाऱ्या नळीपासून दूर, गाडीच्या बाहेरच्या कडेपर्यंत न्यावे. नळी फार तापते. डिझेलची नळी, वायर आणि टायर यांच्यापासून ती लांब ठेवावी.

३) डिझेलची वाट : टाकीत वेगळी बारीक नळी सोडावी. ती टाकीच्या बुडाला टेकू देऊ नये, नाहीतर तळचा गाळ ओढला जातो. पुढे टकटक आवाज करत मोजून डिझेल देणारा छोटा पंप असतो. तो आडवा न ठेवता तिरपा ठेवावा, बाहेर पडणारे तोंड वर. शेतातले ऑइल इंजिन हवा धरते आणि बंद पडते, हे तुम्हाला सांगायला नको. तोच प्रकार इथे. आमचा हीटर पहिल्या दिवशी तीनदा पेटून विझला. कारण पंप आडवा होता आणि मिस्त्रीने जाड रबरी नळी जोडली होती. पंप तिरपा केला, हीटरसोबतची बारीक नळी लावली, जोडात नळ्यांची टोके एकमेकांना भिडवली, आणि तो लगेच पेटला.

४) वीज : गाडी १२ व्होल्टची की २४ व्होल्टची ते पाहूनच हीटर घ्यावा. पेटताना आतली कांडी तापून लाल होते. तेव्हा १२ व्होल्टवर काही मिनिटे आठ-दहा अँपिअर वीज लागते. नंतर एक-दोन अँपिअरवर भागते. बोअरच्या मोटारीला बारीक वायर टाकली तर मोटार उचलत नाही, तसेच इथे होते. वायर जाड घ्यावी, थेट बॅटरीवरून आणावी आणि मध्ये फ्यूज टाकावा.

५) गजर : कार्बन मोनॉक्साइड ओळखून वाजणारे छोटे यंत्र मिळते. ते झोपण्याच्या जागेजवळ, उशाच्या उंचीला लावावे. हीटर परवडला आणि गजर परवडला नाही, असे कोणी म्हणू नये. बैल गेला आणि झोपा केला, अशी गत व्हायला नको.

गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यासंबंधी मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये नियम आहेत. म्हणून काम करण्यापूर्वी आरटीओ कार्यालयात आणि विमा कंपनीत विचारून घ्यावे.

चालवताना काय पाळावे

हीटर बंद करायचा तो त्याच्या बटणाने. बटण दाबल्यावरही पंखा काही मिनिटे फिरून भट्टी थंड करतो. तेवढ्यात बॅटरीची वायर काढली तर आतले भाग जळतात. सतत मंद चालवल्याने काजळी धरते, म्हणून मधूनमधून पंधरा-वीस मिनिटे पूर्ण जोरात चालवावा. उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा पेटवून पाहावा.

उंचावर हवा विरळ असते. भट्टीला हवा कमी पडते आणि काजळी वाढते. उंचीप्रमाणे डिझेल कमी करण्याची सोय काही हीटरमध्ये असते. डोंगरात जाणाऱ्यांनी तसाच घ्यावा. कडक थंडीत खोबरेल तेल थिजते, तसे डिझेलही थिजते. म्हणूनच इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे खास हिवाळी डिझेल आणले. आपल्याकडे भरलेल्या टाकीवर विसंबू नये; थंड मुलुखात शिरताना तिथले डिझेल भरावे.

पंपावर डिझेल भरताना हीटर बंद ठेवावा. वाळलेल्या गवतावर किंवा कडब्याच्या गंजीजवळ गाडी लावून तो चालवू नये. बंद गोदामात किंवा शेडमध्ये तर मुळीच नाही. तिथे बाहेर गेलेला धूर परत आपल्याकडेच येतो. बर्फात अडकलात तर धुराच्या नळीच्या तोंडाशी साचलेले बर्फ आधी दूर करावे. आणि हीटर कितीही चांगला असला तरी एक खिडकी बोटभर उघडी असू द्यावी.

डोके दुखू लागले तर

रात्री गजर वाजला, किंवा एकाच वेळी दोघा-तिघांचे डोके दुखू लागले, मळमळू लागले, तर कारणे शोधत बसू नका. आधी सगळ्यांनी बाहेर मोकळ्या हवेत या, जमल्यास हीटर बंद करा. आत कोणी झोपला असेल तर त्याला ओढून बाहेर काढा. मग ११२ वर फोन करा. दवाखान्यात प्राणवायू देतात, तोच त्यावर उपाय. "आता बरे वाटते" म्हणून पुन्हा त्याच गाडीत झोपू नका.

हीटर सगळ्यांना लगेच परवडेल असे नाही, हे मला ठाऊक आहे. तो घेता आला नाही तर दोन घोंगड्या जास्त न्या, कानटोपी, लोकरीचे मोजे न्या, अंगाला अंग लावून झोपा. थंडीची एक रात्र त्यावर निघून जाते.

आणि माउलींनो, तुम्हाला एवढेच सांगणे : पोरगा उत्तरेला निघाला की शिदोरी बांधा, घोंगडी द्या, पण ती शेगडी आणि कोळशाची पिशवी गाडीतून आपल्या हाताने खाली उतरवून ठेवा. तो नको म्हणाला, हसला, तरी उतरवा.