वेब विकसकांसाठी हलकी व विशेषीकृत संचालन प्रणाली : रचनेची तत्त्वे

सारांश

संकेतस्थळे व वेब-आधारित आज्ञावल्या तयार करणाऱ्या विकसकाच्या गरजा सर्वसाधारण संगणक-वापरकर्त्याच्या गरजांहून वेगळ्या असतात. या गरजा लक्षात घेऊन मर्यादित क्षमतेच्या संगणकावर चालणारी विशेषीकृत संचालन प्रणाली कशी रचावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. हलकेपणा हा केवळ फाइलच्या आकाराचा प्रश्न नसून स्मृतीच्या नियोजनाचा प्रश्न आहे, आणि अशा प्रणालीत स्वतः निर्माण केलेला भाग जितका कमी तितकी ती अधिक काळ टिकते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : संचालन प्रणाली, लिनक्स वितरण, वेब विकसन, स्मृती-नियोजन, संगणक प्रयोगशाळा

१. प्रास्ताविक

विंडोज १० या संचालन प्रणालीचा नियमित सुरक्षा-पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी किमान ४ गीगाबाइट रॅम, ६४ गीगाबाइट साठवण-क्षमता आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आवश्यक ठरविण्यात आली आहे. शिवाय साधारणतः आठव्या पिढीपूर्वीचे बहुतेक इंटेल प्रोसेसर तिच्या अधिकृत यादीत बसत नाहीत. त्यामुळे महाविद्यालयीन प्रयोगशाळांतील अनेक संगणक सुस्थितीत असूनही कालबाह्य ठरण्याची वेळ आली आहे. ते निर्लेखित करावेत, की त्यांचे कार्यक्षेत्र मर्यादित करून त्यांना उपयुक्त ठेवावे, हा निर्णय आज अनेक संगणक विभागांसमोर आहे.

वेब तंत्रज्ञानाची प्रात्यक्षिके हे असे एक मर्यादित कार्यक्षेत्र होऊ शकते. त्यासाठी ब्राउझर, संपादक, वेब सर्व्हर, डेटाबेस आणि आवृत्ती-नियंत्रणाचे साधन एवढ्या मोजक्या गोष्टी लागतात. या गोष्टींभोवतीच रचलेली प्रणाली कशी असावी, हे पाहण्यापूर्वी ‘रचना’ या शब्दाचा येथे अभिप्रेत अर्थ स्पष्ट करणे आवश्यक आहे.

२. रचना म्हणजे निवड

संचालन प्रणालीचा गाभा म्हणजे कर्नल. प्रोसेसरचा वेळ, स्मृती, डिस्क व जोडलेली उपकरणे यांचे वाटप तो करतो. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या लिनक्स कर्नलच्या मूळ संहितेत आज तीन कोटींहून अधिक ओळी आहेत आणि त्यांतील मोठा भाग निरनिराळ्या उपकरणांच्या ड्रायव्हरनी व्यापलेला आहे. एखाद्या विभागाने वा लहान गटाने नवा कर्नल लिहून प्रत्यक्ष वापरात आणणे व्यवहार्य नाही, हे यावरून ध्यानात यावे.

म्हणून व्यवहारात ‘नवी संचालन प्रणाली’ म्हणजे बहुधा नवे वितरण असते : तयार कर्नल, त्यावरील मूलभूत लायब्ररी, सेवा, चित्रात्मक पडदा आणि आज्ञावल्या यांची हेतुपूर्वक केलेली निवड व जुळणी. सी-डॅकने २००७ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली १९९३ पासून विकसित होत आलेल्या डेबियनवर उभी आहे. गूगलची क्रोमओएसदेखील लिनक्स कर्नल व जेंटू यांचा आधार घेते. जेथे मोठ्या संस्थांनीही पाया उसना घेतला, तेथे महाविद्यालयाने तसे करण्यात कमीपणा नाही.

३. हलकेपणाचा खरा अर्थ

हलक्या प्रणालींची परंपरा जुनी आहे. ‘डॅम स्मॉल लिनक्स’ने आपला आकार ५० मेगाबाइटच्या मर्यादेत ठेवला होता. ‘टायनी कोअर’ची चित्रात्मक आवृत्ती साधारण २० ते २५ मेगाबाइटची असते. मात्र यांतील पहिलीचा इतिहास उद्बोधक आहे. दीर्घ खंडानंतर २०२४ मध्ये तिचे पुनरुज्जीवन झाले, तेव्हा नवी मर्यादा एका सीडीइतकी, म्हणजे ७०० मेगाबाइट, ठरविण्यात आली. आजच्या संकेतस्थळांना पेलणारा ब्राउझर ५० मेगाबाइटच्या चौकटीत बसविणे शक्य उरलेले नाही.

यातून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. वेब विकसकाच्या संगणकावर सर्वाधिक स्मृती संचालन प्रणाली वापरत नाही, तर ब्राउझर वापरतो. २०१८ मध्ये क्रोम ब्राउझरने सुरक्षेसाठी प्रत्येक संकेतस्थळ स्वतंत्र प्रक्रियेत चालविण्यास प्रारंभ केला. त्यामुळे स्मृतीचा वापर सुमारे १० ते १३ टक्क्यांनी वाढतो, असे गूगलनेच त्या वेळी नमूद केले होते. व्हिज्युअल स्टुडिओ कोडसारखा लोकप्रिय संपादक इलेक्ट्रॉन या चौकटीवर बांधलेला आहे. इलेक्ट्रॉनमध्ये क्रोमियम ब्राउझरचा गाभा अंतर्भूत असल्याने तो संपादक उघडणे म्हणजे जणू दुसरा ब्राउझर उघडणे होय.

यास्तव रचनेचा आरंभ स्मृतीच्या अंदाजपत्रकापासून व्हावा. ४ गीगाबाइट रॅमच्या संगणकासाठी पुढीलप्रमाणे तरतूद करता येईल : कर्नल व मूलभूत सेवा २०० मेगाबाइट, साधा चित्रात्मक पडदा २५०, वेब सर्व्हर व पीएचपी १००, डेटाबेस २५०, संपादक ५०० आणि ब्राउझर १,५००. ही बेरीज २,८०० मेगाबाइट होते. उरलेली सुमारे सव्वा गीगाबाइट स्मृती रिकामी दिसली तरी वाया जात नाही; डिस्कवरून वाचलेल्या फाइली कर्नल तेथे जपून ठेवतो व पुढील वाचन जलद करतो. हे आकडे मोजमापाचे निष्कर्ष नसून आखणीच्या मर्यादा आहेत. एखादा घटक आपल्या मर्यादेबाहेर गेला, तर तो बदलावा किंवा त्याची मांडणी आवरावी.

अंदाजपत्रक समोर असले की निर्णय सोपे होतात. जड पडद्याऐवजी एक्सएफसीई किंवा ओपनबॉक्स निवडणे ओघानेच येते. मारियाडीबी डेटाबेसचा मुख्य बफर मूळ मांडणीत १२८ मेगाबाइटचा असतो. विद्यार्थ्यांच्या लहान तक्त्यांसाठी तो कमी करता येतो. २ गीगाबाइटच्या संगणकावर इलेक्ट्रॉन-आधारित संपादकाऐवजी जीनीसारखा साधा संपादक द्यावा. झेडरॅम ही सुविधा स्मृतीतील क्वचित लागणारा भाग दाबून स्मृतीतच ठेवते. जुन्या, संथ हार्ड डिस्कवर स्वॅप करण्यापेक्षा हा मार्ग बहुधा अधिक वेगवान ठरतो.

४. विशेषीकरण : विकसकाला नेमके काय हवे?

हलकेपणा कोणत्याही प्रणालीस लाभू शकतो. विशेषीकरण मात्र कामाच्या स्वरूपातूनच यावे लागते. वेब विकसनाच्या संदर्भात पुढील बाबी महत्त्वाच्या वाटतात.

पहिली बाब म्हणजे सर्व्हरशी साधर्म्य. जगातील बहुसंख्य वेब सर्व्हर लिनक्सवर चालतात. विंडोजमध्ये फाइलच्या नावातील मोठी व लहान रोमन अक्षरे सामान्यतः एकच मानली जातात. लिनक्समध्ये ती भिन्न असतात. परिणामी विद्यार्थ्याच्या विंडोज संगणकावर दिसणारे चित्र संकेतस्थळ सर्व्हरवर चढविताच दिसेनासे होते, कारण फाइलच्या नावाचे पहिले अक्षर मोठे आणि संहितेत लिहिलेले लहान असते. विकसनाचा संगणक व सर्व्हर एकाच कुळातील असल्यास ही चूक पहिल्याच चाचणीत उघड होते.

दुसरी बाब म्हणजे फाइलींवरील पहारा. आधुनिक वेब विकसनाची साधने फाइल बदलताच पृष्ठ आपोआप नव्याने दाखवितात. त्यासाठी ती कर्नलच्या आयनोटिफाय या सुविधेकडे पहाऱ्यांची नोंद करतात. कर्नल ५.११ पूर्वी अशा नोंदींची प्रत्येक वापरकर्त्यासाठीची मूळ मर्यादा ८,१९२ होती. त्यानंतर ती उपलब्ध स्मृतीनुसार ठरू लागली. नोडच्या एका प्रकल्पात हजारो लहान फाइली व निर्देशिका सहज जमा होतात. कमी स्मृतीच्या संगणकावर ही मर्यादा तपासून योग्य ती निश्चित करणे, तसेच डिस्क तयार करताना आयनोडची संख्या पुरेशी ठेवणे, हे अशा प्रणालीचे कर्तव्य ठरते.

तिसरी बाब सेवांची. डेटाबेस व वेब सर्व्हर संगणक सुरू होताच चालू करण्याचे कारण नाही; विकसकाने प्रकल्प उघडल्यावर ते सुरू व्हावेत आणि काम संपताच थांबावेत. या सेवांनी केवळ १२७.०.०.१ या अंतर्गत पत्त्यावरच प्रतिसाद द्यावा. प्रयोगशाळेतील तीस संगणकांवर सोप्या परवलीच्या शब्दाचे डेटाबेस जाळ्यावर खुले राहणे ही गंभीर त्रुटी आहे आणि ती विद्यार्थ्यांच्या दक्षतेवर न सोडता मूळ मांडणीतच टाळली पाहिजे.

चौथी बाब कंटेनरची. डॉकर हे साधन २०१३ मध्ये पुढे आले व प्रत्येक प्रकल्पाचे वातावरण स्वतंत्र ठेवण्याची पद्धत रूढ झाली. कंटेनर स्वतःचा कर्नल आणत नाही. यजमान लिनक्स कर्नलच वापरतो. विंडोजवर लिनक्स कंटेनर चालविण्यासाठी मात्र मध्ये एक आभासी यंत्र उभे करावे लागते आणि त्यासाठी स्मृती खर्ची पडते. प्रणाली मुळात लिनक्स असल्यास ही स्मृती वाचते.

अखेरची बाब आंतरजालाच्या उपलब्धतेची. तीस विद्यार्थी एकाच तासाला तेच पॅकेज उतरवून घेऊ लागले की जोडणी मंदावते. प्रयोगशाळेतील एका संगणकावर पॅकेजचा स्थानिक साठा ठेवणे व झीलसारख्या साधनातून संदर्भ-साहित्य आंतरजालाविना उपलब्ध करणे, या दोन सोयींमुळे प्रात्यक्षिकाचा तास जोडणीवर विसंबून राहत नाही.

५. पायाची निवड व देवनागरीचा प्रश्न

पाया म्हणून दोन पर्याय प्रामुख्याने संभवतात. अल्पाइन लिनक्स अत्यंत लहान आहे. कंटेनरसाठीची तिची मूळ प्रतिमा अवघी काही मेगाबाइटची असते. हा लहानपणा तिने बिझीबॉक्स हा साधनसंच आणि मसल ही आटोपशीर सी लायब्ररी स्वीकारून साधला आहे. डेबियन तुलनेने मोठी आहे व ग्लिबसी ही अधिक व्यापक लायब्ररी वापरते.

आकारावरून पाहता अल्पाइन सरस वाटते. परंतु ग्लिबसीसाठी तयार केलेल्या आज्ञावल्या तिच्यावर थेट चालतीलच असे नाही. मराठी वापरकर्त्यांच्या दृष्टीने आणखी एक मुद्दा आहे. मसलमध्ये भाषानिहाय क्रमवारीचे नियम नाहीत. तेथे अक्षरांचा क्रम त्यांच्या संकेतांकानुसार लागतो. युनिकोडमध्ये ‘ळ’चे स्थान ‘ल’ व ‘व’ यांच्या मध्ये आहे, तर मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो. ‘क्ष’ हे जोडाक्षर असल्याने संकेतांकानुसार ते ‘क’च्या गटात जाते. विद्यार्थ्याने मराठी ग्रंथसूचीचे संकेतस्थळ केले आणि क्रमवारी केवळ संकेतांकावर सोपविली, तर त्या सूचीचा क्रम मराठी वाचकास चुकीचा वाटेल. यासाठी भाषेचे नियम जाणणारी आयसीयू लायब्ररी, देवनागरीचे निर्दोष फॉन्ट व इनस्क्रिप्ट कळफलक यांचा अंतर्भाव मूळ मांडणीतच असावा. काही मेगाबाइट वाचविण्यासाठी या गोष्टी गाळणे हा हलकेपणा नव्हे.

प्रस्तुत लेखकाच्या मते विकसकाच्या संगणकासाठी डेबियन आणि सर्व्हरच्या कंटेनरसाठी, आवश्यक तेथे, अल्पाइन हा विभाग सयुक्तिक ठरतो. तथापि एक खबरदारी आवश्यक आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेबियन १३ पासून ३२-बिट इंटेल संगणकांसाठी अधिकृत कर्नल व स्थापना-प्रतिमा दिली जात नाही. म्हणून केवळ ६४-बिट प्रोसेसर असलेली यंत्रेच या योजनेत घ्यावीत.

६. स्थैर्य व देखभाल

प्रयोगशाळेतील संगणक दिवसभरात अनेकांच्या हातून जातो. म्हणून प्रणालीचा मूळ भाग स्क्वॅशएफएस स्वरूपात केवळ-वाचनीय ठेवून त्यावर ओव्हरलेएफएसचा तात्पुरता थर द्यावा. विद्यार्थ्याने केलेले बदल वरच्या थरात राहतात आणि संगणक पुन्हा सुरू करताच मूळ स्थिती प्राप्त होते. विद्यार्थ्याचे काम मात्र वेगळ्या विभाजनात किंवा गिटच्या भांडारात सुरक्षित असावे. सर्व्हरची मांडणी मोडण्याची भीती नसेल, तरच विद्यार्थी ती उघडून पाहील; म्हणून या सोयीचे मोल शैक्षणिकही आहे.

खरी अडचण पुढे येते. उत्साहाने प्रणाली तयार करणारा अध्यापक बदलून गेला की सुरक्षा-सुधारणा थांबतात, आणि अद्ययावत नसलेली प्रणाली ही विंडोजच्या जुन्या आवृत्तीइतकीच धोक्याची ठरते. यावर उपाय असा, की तयार प्रतिमा नव्हे, तर ती तयार करण्याची कृती जपावी. डेबियनच्या लाइव्ह-बिल्ड या साधनाला पॅकेजची यादी व मांडणीच्या काही फाइली दिल्या की ते संपूर्ण प्रतिमा तयार करते. ही यादी काही पानांत मावते, वाचता येते आणि पुढील अध्यापकास सुपूर्द करता येते. डेबियनच्या स्थिर आवृत्तीस तीन वर्षे व त्यानंतर दीर्घकालीन योजनेत आणखी दोन वर्षे सुरक्षा-सुधारणा मिळतात. प्रत्येक सत्राच्या आरंभी तीच कृती पुन्हा चालविल्यास त्या सुधारणा नव्या प्रतिमेत येतात. मध्यंतरी तातडीची सुधारणा आल्यास कृती त्याच वेळी चालवावी.

७. मर्यादा

या योजनेच्या मर्यादाही ध्यानात घ्यावयास हव्यात. अ‍ॅडोबीची आरेखनाची प्रमुख साधने लिनक्ससाठी उपलब्ध नाहीत. सफारी ब्राउझरची खरी चाचणी अ‍ॅपलच्या उपकरणावरच करावी लागते. यंत्र बिघडले तर हलकी प्रणाली त्याचे आयुष्य वाढवू शकत नाही. तसेच भ्रमणध्वनीच्या आज्ञावल्या किंवा यंत्र-अध्ययन यांसारख्या जड विषयांच्या प्रात्यक्षिकांना ही यंत्रे पुरी पडणार नाहीत. त्यामुळे अशी प्रणाली नव्या संगणकांच्या मागणीला पर्याय म्हणून पुढे करणे योग्य होणार नाही. जुन्या संगणकांना एक निश्चित काम देणे, एवढाच तिचा दावा असावा.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. विशेषीकृत प्रणालीची रचना ही नवनिर्मितीपेक्षा विवेकी निवड असते. वेब विकसकासाठी हलकेपणाचे माप प्रतिमेचा आकार नसून ब्राउझर व संपादक यांना शिल्लक राहणारी स्मृती हे आहे. सर्व्हरशी साधर्म्य, मागणीनुसार चालणाऱ्या सेवा, सुरक्षित मूळ मांडणी आणि देवनागरीची पूर्ण सोय यांतून तिचे विशेषत्व सिद्ध होते. तिचे दीर्घायुष्य मात्र ती किती थोडे स्वतःचे बाळगते व तिची कृती किती स्पष्टपणे लिहून ठेवली आहे, यावर अवलंबून असते.

संगणक निर्लेखनाच्या प्रस्तावावर विचार करताना विभागांनी प्रथम ६४-बिट यंत्रांची व त्यांच्या स्मृतीची नोंद करावी, एका संगणकावर अशी प्रतिमा तयार करून एका सत्राची प्रात्यक्षिके तपासावीत आणि मगच निर्णय घ्यावा. पॅकेजची यादी तयार करण्याचे काम तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून देता येईल. ते करताना प्रत्येक घटक का घ्यावा व का गाळावा याची कारणे त्यांना द्यावी लागतील, आणि संचालन प्रणाली या विषयाचे अध्ययन पाठ्यपुस्तकातील व्याख्यांपुरते उरणार नाही.