विस्तुलेच्या कांठचें एक नगर

पोलंड देशाचें नांव महाराष्ट्रीय घरांत अगदींच अपरिचित नाहीं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत कोल्हापुरानजीक वळिवडे येथें सुमारें पांच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती, आणि इ. स. १९४३ ते १९४८ पर्यंत तीं माणसें, बहुतांशीं बायकामुलें, आपल्या शेजारीं राहिलीं. तथापि त्या देशाच्या नद्या व तेथील लहान गांवें यांविषयीं आपणांस फारशी माहिती नसते. म्हणून विस्तुला नदीच्या कांठच्या अशाच एका नगराचा वाचकांस परिचय करून देण्याचें योजिलें आहे. त्याचें नांव काझीम्येश दोल्नी. लोकवस्ती अवघी अडीच हजारांच्या आसपास; परंतु भूगोल इतिहासाला कसा घडवितो, हें शिकण्यास याहून सोयीचें उदाहरण क्वचितच सांपडेल.

विस्तुला ही पोलंडची मुख्य नदी. पोल लोक तिला 'विस्वा' म्हणतात. दक्षिणेकडील बेस्किद पर्वतांत उगम पावून, जुनी राजधानी क्राकूव व सांप्रतची राजधानी वॉर्सा यांवरून जाऊन, १०४७ किलोमीटरांच्या प्रवासानंतर ती ग्दान्स्कजवळ बाल्टिक समुद्रास मिळते. वॉर्साच्या आग्नेयेस सुमारें १४० किलोमीटरांवर ती चुनखडीच्या पठारांतून वाट काढते, आणि तेथेंच तिच्या उजव्या तीरावर काझीम्येश वसलें आहे. येथील किल्ला, चर्च व जुनीं घरें आसपासच्या टेकड्यांतील पांढरट दगडाचीं आहेत. या टेकड्यांवर लोएस नांवाच्या पिवळसर मातीचा जाड थर आहे. हिमयुगांत वाऱ्यानें उडवून आणलेली ही सूक्ष्म माती जितकी सुपीक तितकीच ठिसूळ. पावसाचें पाणी व गाड्यांचीं चाकें यांनीं ती कापली जाऊन खोल घळी पडल्या आहेत. कांहीं भागांत दर चौरस किलोमीटरामागें त्यांची लांबी दहा किलोमीटरांपर्यंत भरते. त्यांपैकीं एका घळीच्या दोन्ही भिंतींतून झाडांचीं मुळें उघडीं पडून लोंबत असतात, आणि त्यावरूनच तिचें नांव पडलें आहे. थोडक्यांत, मातीनें धान्य दिलें, टेकडीनें दगड दिला आणि नदीनें वाट दिली.

येथील मूळ वस्तीच्या नांवाचा अर्थ 'वाऱ्याची टेकडी' असा होता. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धांत 'न्यायी' म्हणून ख्यात असलेल्या काझीम्येश या अधिपतीनें ती क्राकूवच्या एका जोगिणींच्या मठास दान दिली, आणि दात्याच्या नांवावरून गांवाचें नामकरण झालें, असें परंपरा सांगते. पुढें चौदाव्या शतकांत 'महान' काझीम्येश (राज्यकाल १३३३ ते १३७०) हा राजा झाला. येथील किल्ला त्याच्या नांवाशीं निगडित आहे. त्यानेंच इ. स. १३३५ मध्यें क्राकूवजवळ स्वतःच्या नांवाचें दुसरें नगर वसविलें. तें नदीच्या वरच्या अंगास असल्यामुळें आपल्या या नगरास 'दोल्नी', म्हणजे 'खालचें', हें उपपद लागलें. यहुदी लोकांस पूर्वीं मिळालेल्या सनदा या राजानें इ. स. १३३४ मध्यें कायम केल्या. एस्तेरका नांवाच्या यहुदी तरुणीवर त्याचें प्रेम होतें, आणि तिच्या भेटीसाठीं त्यानें भुयार खणविलें होतें, अशी एक कथा तेथें सांगतात. भुयाराची गोष्ट दंतकथाच समजावी; परंतु ख्रिस्ती व यहुदी हे दोन समाज या नगरांत शतकानुशतकें शेजारीं राहिले, ही गोष्ट इतिहाससिद्ध आहे.

आपल्या संस्कृत कोशकारांनीं पावसावर पिकणाऱ्या देशास 'देवमातृक' व नदीच्या पाण्यावर पिकणाऱ्या देशास 'नदीमातृक' म्हटलें आहे. काझीम्येशचीं शेतें देवमातृक खरीं, पण त्याची संपत्ति सर्वस्वी नदीमातृक होती. इ. स. १४६६ च्या तहानें ग्दान्स्क बंदर पोलंडच्या राजाच्या छत्राखालीं आलें आणि विस्तुलेचा मार्ग समुद्रापर्यंत मोकळा झाला. पश्चिम युरोपांतील वाढत्या शहरांस धान्य हवें होतें. तें पोलंडच्या शेतांतून नदीनें ग्दान्स्कला व तेथून गलबतांनीं हॉलंडकडे जाऊं लागलें. काझीम्येशच्या कांठीं दगडी कोठारें उभीं राहिलीं. त्यांत राय व गहूं सांठवून, हंगाम येतांच होड्या व तराफे भरून खालीं सोडीत. पुष्कळदां ग्दान्स्कला पोंचल्यावर तराफे मोडून त्यांचें लांकूडहि विकून टाकीत, आणि नावाडी पायीं घरीं परतत. या व्यापारानें धनिक झालेल्या प्शिबिवा घराण्यांतील मिकोवाय व क्शिश्तोफ या दोघां भावांनीं चौकांत जोडघरें बांधलीं. त्यांवर १६१५ हें साल आहे. प्रत्येकानें आपल्या दर्शनी भिंतीवर आपल्या नांवाच्या संताची मूर्ति कोरविली. त्यांतील संत क्रिस्टोफर हा बाल येशूला खांद्यावर घेऊन नदी ओलांडणारा. नदीवर जगणाऱ्या कुटुंबास याहून योग्य आराध्य कोणतें असावें!

परंतु जी वाट लक्ष्मीला आणते तीच शत्रूलाहि आणते. इ. स. १६५६ मध्यें स्वीडनच्या सैन्यानें हें नगर जाळलें. अठराव्या शतकाच्या आरंभीं महामारी आली. तिच्या स्मरणाचे तीन क्रूस आजहि एका टेकडीवर दिसतात. खरा घाव मात्र इ. स. १७७२ मध्यें बसला. रशिया, ऑस्ट्रिया व प्रशिया यांनीं पोलंडचे लचके तोडले, तेव्हां खालच्या विस्तुलेचा प्रदेश प्रशियाकडे गेला आणि धान्यावर जबर जकात बसली. नदी पूर्वींसारखीच वाहत होती. पण तिचें मुख परक्याच्या हातीं होतें. इ. स. १७९५ मध्यें पोलंडचें राज्यच नकाशावरून पुसलें गेलें. इ. स. १८६३ चें बंड रशियानें मोडून काढिलें आणि १८६९ मध्यें काझीम्येशचा नगराचा दर्जाहि काढून घेतला. पुढें आगगाडी आली तीहि शेजारच्या पुवावी गांवावरून गेली.

येथें दैवाची एक विचित्र लीला दिसते. ज्या दारिद्र्यानें नगर खचलें त्यानेंच त्याचें रूप राखिलें. जुनें पाडून नवें बांधण्यास पैसा नव्हता, म्हणून सतराव्या शतकांतील घरें तशींच राहिलीं. पोलंड स्वतंत्र झाल्यावर इ. स. १९२७ मध्यें नगराचा दर्जा परत मिळाला. त्याच दशकांत वॉर्साच्या कलाशाळेंतील प्राध्यापक तादेउश प्रुश्कोव्स्की आपल्या विद्यार्थ्यांस चित्रें काढण्यासाठीं येथें आणूं लागले, आणि हें विस्मृत गांव चित्रकारांचें माहेरघर झालें.

त्यांच्या समोरच्या त्या बाजारांत निम्मी माणसें यहुदी होतीं. युद्ध सुरू होऊन जर्मनांची सत्ता आल्यावर इ. स. १९४० मध्यें त्यांना एका कोंडवाड्यांत डांबण्यांत आलें, आणि १९४२ च्या वसंत ऋतूंत तेथून काढून बेव्झेत्स येथील मृत्युछावणीकडे पाठविण्यांत आलें. फ्रान्सिस्कन मठांत गेस्टापोचें ठाणें होतें. त्याच्या आवारांत यहुदी स्मशानांतील थडग्यांच्या शिळा उपटून फरशीसारख्या बसविल्या गेल्या. स्वतः प्रुश्कोव्स्की यांनाहि जर्मनांनीं १९४२ मध्येंच गोळी घालून मारिलें.

युद्धानंतर वास्तुशिल्पी कारोल शिचिन्स्की यांनीं नगराचा जीर्णोद्धार मोठ्या साक्षेपानें केला. यहुदी प्रार्थनामंदिरहि इ. स. १९५३ मध्यें पुन्हां बांधलें गेलें, परंतु तें चित्रपटगृह म्हणून. प्रार्थनेला येणारेंच कोणी उरलें नव्हतें. चित्रपटगृहास नांव दिलें नदीचें, 'विस्वा'. पुढें कांहीं दशकांनीं ती वास्तु यहुदी समाजाच्या संस्थेकडे परत आली. इ. स. १९८४ मध्यें तादेउश आउगुस्तिनेक यांच्या योजनेनुसार, पायाखालीं तुडविल्या गेलेल्या त्या शिळा गोळा करून, जुन्या स्मशानाच्या जागीं एक भिंत उभारण्यांत आली. भिंतीच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक वांकडीतिकडी भेग मुद्दाम ठेविली आहे. तीवर निराळें भाष्य करण्याची गरज नाहीं.

इ. स. १९९४ मध्यें काझीम्येशची राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकांत गणना झाली. आज तेथें प्रवाशांची रीघ असते. १९६७ पासून दर वर्षीं लोकसंगीताचा मेळा भरतो, एका जुन्या कोठारांत निसर्गाचें संग्रहालय आहे, आणि कोंबड्याच्या आकाराचा पाव मुलें हौसेनें विकत घेतात. धान्याच्या होड्या मात्र कधींच नाहींशा झाल्या. घर पडलें तर जुनी चित्रें पाहून तें पुन्हां बांधतां येतें. काझीम्येशनें तें करून दाखविलें. शेजार गेला तर तो कोणत्याहि शिल्प्यास उभारतां येत नाहीं. म्हणून कोणत्याहि प्राचीन नगरांत गेल्यावर ही भिंत किती जुनी, एवढेंच विचारून थांबूं नये. तिच्या आड कोण राहत होतें आणि तीं माणसें कोठें गेलीं, हेंहि विचारावें.